चार वाजताचं ऊन आणि अंगणातला मांडव

हिंगणघाटला माझ्या मोठ्या बहिणीचं घर आहे. घराचं तोंड पश्चिमेला, समोर सोळा फूट लांब आणि दहा फूट रुंद अंगण. तीन वर्षांपूर्वी तिनं त्या अंगणावर टिनाचं शेड करून घेतलं. मी तेव्हा गडचिरोलीकडे एका कामावर होतो. शेड दिसायला नेटकं होतं, नऊ फूट उंच, जवळपास सपाट, निळे पत्रे. पहिल्याच मे महिन्यात ताईचा फोन आला, "अरे, चार वाजता शेडात ऊनच ऊन असते. आणि वरून टीन तव्यावानी तापते. बसवत नाही रे तिथं."

मी गेलो आणि मुद्दाम चार वाजेपर्यंत थांबलो. ऊन सगळ्या फरशीवर पसरलेलं होतं, शिवाय घराच्या भिंतीवर दीड फूट चढलेलं. शेडाची सावली त्या दीड फुटाच्या वर भिंतीवर पडली होती. बसायच्या जागेवर सावली नावाला नव्हती. चांगला पैसा घालून केलेलं काम, पण करणाऱ्यानं सूर्य कुठून येतो हे एकदाही पाहिलं नव्हतं. विदर्भात पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा अशी चूक घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आणि लेकरांना भोगावी लागते, म्हणून मी हे सविस्तर लिहितो आहे.

माझे वडील बंडीची चाकं करायचे. मी तीस वर्षं सुतारकाम करतो, त्यातली पंधरा वर्षं वेल्डिंगही. अंगणातले मांडव, फाटकं, कुंपणं हेच माझं मुख्य काम. खाली जे सांगतो ते वर्धा, नागपूर, चंद्रपूर, यवतमाळ या पट्ट्याला धरून आहे. अकोला-जळगावकडच्यांनाही बहुतेक लागू पडेल. कोकणातल्या पावसाला आणि वाऱ्याला वेगळा विचार लागतो.

आधी काठी रोवा

सामान आणायच्या आधी एक काम करा. तीन फुटांची सरळ काठी घ्या, अंगणात ओळंब्यात उभी करा आणि तिची सावली दिवसातून चार वेळा खडूनं आखा. सकाळी नऊ, दुपारी बारा, चार आणि पाच. हे काम मे महिन्यातच करा. फेब्रुवारीत आखलेली सावली फसवते, कारण तेव्हा सूर्य दक्षिणेकडे असतो.

आमच्याकडे मे महिन्याच्या २३-२४ तारखेच्या सुमाराला सूर्य दुपारी सव्वाबाराच्या आसपास अगदी डोक्यावर येतो. उभ्या काठीची सावली तिच्या पायातच जाते. त्या वेळी वर काहीही धरा, सावली बरोबर खाली पडते. म्हणून दुपारी बारा वाजता पाहणी करून गेलेल्या माणसाला सगळे मांडव सारखेच चांगले वाटतात.

खरी परीक्षा चार वाजता. त्याच दिवसांत चार वाजता तीन फुटांच्या काठीची सावली साधारण चार फूट पडते, पूर्वेकडे, किंचित दक्षिणेला झुकून. गवंडी कोपरा गुण्यात, म्हणजे काटकोनात, आहे का हे पाहायला तीन-चार-पाचचा त्रिकोण धरतो, तोच त्रिकोण हा. तीन उभे, चार आडवे. पाच वाजता हीच सावली सात फुटांवर जाते.

आता हा हिशेब ताईच्या शेडाला लावा. कड नऊ फुटांवर. तीनाला चार, तर नऊला बारा. म्हणजे पश्चिमेच्या कडेखालून शिरलेलं ऊन बारा फूट आत जाणार. अंगण दहाच फूट रुंद, म्हणून उरलेलं दोन फुटांचं ऊन भिंतीवर चढणार, आणि तीनाला चारच्या हिशेबानं ते दीड फूटच होतं. मी भिंतीवर मोजलेलं दीड फूट कागदावरही बरोबर निघालं, तेव्हा ताईच्या नातवानंसुद्धा पट्टी घेऊन पुन्हा मोजून पाहिलं.

पश्चिमेची कड सात फुटांवर आणली तर? सात फुटांखालून ऊन सव्वानऊ फूट आत जातं. फरशी तरीही उन्हातच. पण खुर्चीवर बसलेल्या माणसाचं डोकं चार फुटांवर असतं. त्या उंचीवर ऊन चारच फूट आत येतं, म्हणजे भिंतीकडच्या सहा फुटांत बसलेल्यांच्या तोंडावर ऊन येत नाही. आणि त्याच कडेवरून बांबूचा विणलेला साडेतीन फूट तट्टा खाली सोडला, तर चार वाजता फरशीवरचं ऊनसुद्धा पावणेपाच फुटांवर थांबतं. सगळ्या मांडवाचं मर्म यात आहे. छप्पर दुपारी बाराचं ऊन अडवतं, चारचं ऊन अडवायला पश्चिमेला उभी आड लागते. ज्या मांडवाला पश्चिमेची आड नाही तो मांडव माझ्या मते अर्धाच झाला.

घराचं तोंड दक्षिणेला असेल तर गणित पालटतं. डिसेंबरात दुपारी आमच्याकडे उभ्या वस्तूची सावली जवळपास तिच्या उंचीएवढीच असते आणि उत्तरेकडे पडते. सात फुटांच्या कडेखालून थंडीतलं ऊन सात फूट आत येतं. मांडव पाचच फूट रुंद ठेवलात तर मे महिन्यात भिंत सावलीत राहते आणि थंडीत ऊन भिंतीला लागतं. थंडीतलं ते कोवळं ऊन घालवू नका. उत्तरेला तोंड असेल तर दुपारच्या उन्हाचा विशेष त्रास नाही, फक्त पश्चिमेच्या बाजूला आड करा. पूर्वेचं तोंड असेल तर घरच संध्याकाळची सावली देतं, खर्च करायच्या आधी एक उन्हाळा तसाच बसून पाहा.

काळी जमीन

कपाशीची काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. मे महिन्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या घराच्या अंगणाखालीही पडतातच, फरशीमुळे दिसत नाहीत एवढंच. या जमिनीत दीड फुटाचा खड्डा करून खांब रोवला तर दोन पावसाळ्यांत तो ओळंबा सोडतो. माझा पहिला स्वतंत्र मांडव असाच वाकला होता. मालक काही बोलले नाहीत, पण मला रात्री झोप लागली नाही आणि दिवाळीनंतर मी तो माझ्या खर्चानं पुन्हा उभा केला.

तेव्हापासून माझा नियम असा की मुरूम लागेपर्यंत खणायचं. कुठे अडीच फुटांवर लागतो, कुठे पाच. साडेतीन-चार फुटांपर्यंत लागला नाही तर तिथेच थांबायचं, पण खड्ड्याचा तळ वरच्या तोंडापेक्षा रुंद करायचा. वर दीड फूट, तळाशी दोन फूट. फुगलेली माती खांबाला वर ढकलायला लागली की तळाचा तो रुंद भाग खुंटीसारखा अडतो. मोठ्या इमारतींसाठी रूडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं याच तत्त्वावर तळाशी फुगवटा असलेले पाया-खांब विकसित केले. आपला मांडव छोटा, पण माती तीच.

तळाला सहा इंच मुरूम कुटून घ्यायचा, त्यावर एक-दोन-चारचं काँक्रीट, म्हणजे एक भाग सिमेंट, दोन रेती, चार गिट्टी. दीड बाय दीड फूट आणि साडेतीन फूट खोल खड्ड्याला साधारण दीड पोतं सिमेंट जातं आणि त्यातल्या काँक्रीटचं वजन अर्ध्या टनाच्या वर भरतं. लोक विचारतात, चार पत्र्यांसाठी एवढं कशाला? एप्रिल-मेमध्ये अवकाळीचं वादळ येतं तेव्हा वारा पत्र्याखाली शिरून त्याला वर उचलतो. हे वजन पत्र्याचा भार पेलायला नाही लागत, मांडव जमिनीवर धरून ठेवायला लागतं.

काँक्रीट जमिनीपासून सहा इंच वर काढा आणि वरचा माथा बाहेरच्या बाजूला उतरता करा. पाणी थांबत नाही, आणि उधई वर चढू लागली तर तिची मातीची नळी नजरेला पडते. खांब लाकडाचा असो की लोखंडाचा, तो मातीत जाता कामा नये.

तराईत, म्हणजे काँक्रीटला पाणी देत राहण्यात, कुचराई करू नका. उन्हाळ्यात काँक्रीटमधलं पाणी तासाभरात उडू लागतं. ओलं पोतं गुंडाळून दहा दिवस सकाळ-दुपार-संध्याकाळ पाणी मारा. मी शक्यतो फेब्रुवारीतच खड्डे भरून घेतो. जमीन कोरडी असते, खणायला बरी पडते आणि तराईला पाणीही असतं. म्हणजे मोजणी एका मे महिन्यात, काम पुढच्या फेब्रुवारीत. ज्यांना घाई असते त्यांना मी ताईच्या अंगणातलं मोजमाप देतो, घराचं तोंड पश्चिमेला असेल तर ते चालतं.

मांडव घराला बांधू नका

पुष्कळ जण एका बाजूला भिंतीत ब्रॅकेट ठोकून तीन खांब वाचवतात. काळ्या जमिनीवर हे करू नका. घराचा पाया वेगळा, मांडवाचा वेगळा, दोन्ही आपापल्या मापानं हलतात. ब्रॅकेटजवळ भिंतीला तडा जातो आणि पावसाळ्यात तिथूनच ओल उतरते. मी घराकडेही तीन खांब देतो, भिंतीपासून फूटभर सोडून.

ताईकडे जुन्या शेडाच्या जागी सहा खांब उभे केले, तीन इंची चौकोनी पाइपाचे, ३ मिलिमीटर जाडीचे. हलक्या पाइपाचे खांब सुरुवातीला ताठ दिसतात, पण पहिल्या वादळात थरथरतात. प्रत्येक खांबाखाली आठ बाय आठ इंचांची, १० मिलिमीटर जाडीची पट्टी, तिला चार १२ मिलिमीटरचे बोल्ट, काँक्रीट ओलं असतानाच बसवलेले. बोल्टांची जागा चुकू नये म्हणून प्लायच्या तुकड्याला चार भोकं पाडून साचा करा आणि बोल्ट त्यात अडकवूनच काँक्रीटमध्ये सोडा. बोल्ट अर्धा इंच सरकला तर नंतर पट्टीचं भोक गॅसनं वाढवत बसावं लागतं आणि ते काम कधीच नीट होत नाही.

आखणीसाठी सुतळी, चुना आणि पाणी भरलेली पारदर्शक नळी पुरते. नळीतलं पाणी दोन्ही टोकांना एका पातळीत राहतं, सहा खांबांच्या खुणा तिच्यावरून काढा. अंगणाची फरशी सपाट आहे असं धरून चालू नका, ताईकडे एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत अडीच इंचांचा फरक निघाला.

भिंतीकडचे खांब सव्वानऊ फूट, पश्चिमेचे सात फूट. वर दोन्ही रांगांवर चार बाय दोन इंची पाइपाच्या तुळया, आणि तुळयांवर सागाचे पाच वासे, चार बाय दोन इंची. वाशांचं लाकूड मी आर्वीकडच्या एका पाडलेल्या जुन्या घराचं घेतलं. जुनं सागवान पूर्ण सुकलेलं असतं, ते आता पिळत नाही. चिरा आणि खिळ्यांची भोकं पाहून घ्या, आणि रंधा मारायच्या आधी प्रत्येक खिळा काढा, एक खिळा राहिला तर रंध्याचं पातं गेलं. आमच्या बल्लारशाह-आलापल्लीच्या सागाचं नाव देशभर आहे. २०२३ मध्ये अयोध्येच्या मंदिराच्या कामासाठी बल्लारशाहहूनच लाकूड गेलं. पण नवं लाकूड घेताना ओलं गळ्यात मारलं जातं, आणि मांडवावर तीन महिन्यांत त्याच्या भेगा दिसतात. स्वतःच्या शेतातलं सागाचं झाड असलं तरी ते तोडायला परवानगी लागते, १९६४ चा वृक्षतोडीचा कायदा त्यासाठी आहे. कुऱ्हाड लावायच्या आधी वन विभागाच्या कार्यालयात जाऊन या.

पाइपाच्या वरच्या तोंडाला झाकण वेल्ड करायचं विसरू नका. उघड्या पाइपात पावसाचं पाणी साचतं आणि तो आतून गंजतो, वरचा रंग मात्र चकचकीत राहतो. वेल्डिंगच्या जागा घासून त्याच दिवशी प्रायमर मारा, मग ऑइल पेंटचे दोन हात.

छप्पर कशाचं

ताईनं विचारलं, "हे टीन फेकून द्यायचं का?" मी नाही म्हटलं. टीन वाईट नाही, एकटं टीन वाईट. उन्हात तापलेला पत्रा स्वतःच शेगडीसारखा खाली उष्णता सोडत राहतो. त्याच्या खाली सहा ते आठ इंच मोकळी जागा ठेवून बांबूचा तट्टा लावला की पत्र्याची धग माणसापर्यंत पोचत नाही. मधली हवा तापते, हलकी होते आणि उताराच्या वरच्या टोकाकडे सरकते. ती बाहेर जायला वाट मात्र पाहिजे. म्हणून मी पत्र्याची वरची कड घराच्या स्लॅबच्या बाहेर आलेल्या भागाखाली घेतली आणि भिंतीपासून सहा इंच सोडली. पाऊस आत येत नाही, गरम हवा निघून जाते. ही फट कोणी थर्माकोल किंवा सिमेंटनं बुजवली तर सगळी मेहनत वाया जाते. ताईच्या शेजारच्या गवंड्यानं "पालीबिली येतील" म्हणून ती बंद करायचा आग्रह धरला होता. आम्ही तिथे बारीक जाळी लावली.

पत्र्याचे स्क्रू वरच्या नालीवर, म्हणजे पत्र्याच्या उंचवट्यावर मारा, खालच्या पन्हाळीत नाही, आणि रबरी वॉशर घ्या. कडेच्या रांगेत एक नाली सोडून एक स्क्रू. वारा पत्रा उचलतो तो कडेपासून, म्हणून तिथे काटकसर नको.

ज्यांच्याकडे आधीचे पत्रे नाहीत त्यांनी काय घ्यावं? पारदर्शक पॉलिकार्बोनेट पत्रा बैठकीवर लावू नका. उजेड छान येतो, पण उजेडाबरोबर ऊन आत येतं आणि खाली कोंडतं. हिरवी शेडनेट स्वस्त आणि चांगली, तिच्यातून वारा आरपार जातो, त्यामुळे वादळाचा जोर कमी बसतो. ५०, ७५ आणि ९० टक्के अशी ती मिळते. रोपांना ५० पुरते, माणसांना ७५ किंवा ९० घ्या. नेटची कड दुमडून त्यात दोरी ओवा आणि दोरी ताणून बांधा. नेटलाच भोकं पाडून तारेनं बांधली तर फडफडून त्याच जागी फाटते. कवेलू, म्हणजे मातीची कौलं, मला मनापासून आवडतात, पण त्यांना जास्त उतार लागतो, सव्वादोन फूट उताराच्या या मांडवावर ते टाकले तर पाणी मागे फिरून वाशांवर येईल.

आणि वेल. लग्नात जांभळाच्या, आंब्याच्या डहाळ्यांचा हिरवा मांडव घालतात, त्याखाली भर दुपारी बसून पाहा. पान तापून धग सोडत नाही, ते स्वतःतलं पाणी उडवून थंड राहतं. घराच्या मांडवाला रंगूनवेल लावा, पाणी दिलं तर उन्हाळाभर पान टिकतं. गुळवेल औषधी म्हणून लोक हौसेनं लावतात, पण ऐन उन्हाळ्यात तिची पानं झडतात आणि सावली पाहिजे तेव्हाच मांडव उघडा पडतो. भाजीचा वेल हवा असेल तर फेब्रुवारीत दोडका लावा. वेल पत्र्यावर चढवू नका, पत्र्याच्या धगीनं शेंडे जळतात. कडेला तार ताणून पश्चिमेच्या बाजूलाच पसरवा.

तट्टे

पश्चिमेच्या आडेसाठी बांबूचे तट्टे बुरडाकडून विणून घ्या. ताईकडे मी चार तट्टे केले, प्रत्येकी चार फूट रुंद, साडेतीन फूट उंच. चौकट हलक्या बांबूची, वर दोन कड्या, तुळईला हुक. सकाळी काढून ठेवता येतात, तीन वाजता अडकवता येतात. पक्की आड केली असती तर सकाळचा वाराही अडला असता.

आमच्या भागात मानवेल आणि कटांग हे दोन बांबू मुख्यतः मिळतात. मानवेल भरीव, काठीला आणि चौकटीला उत्तम. कटांग जाड आणि पोकळ. तीन वर्षांच्या आतला कोवळा बांबू घेऊ नका, त्यात साखर आणि पिठूळपणा जास्त असतो आणि भुंगा त्यासाठीच येतो. चौकटीखाली पिवळी पूड दिसायला लागली की समजा, आत भुंग्यानं घर केलं. पावसाळ्यात तोडलेला बांबू टाळा, थंडीत तोडलेला घ्या. २०१७ मध्ये कायदा बदलून जंगलाबाहेरचा बांबू झाडाच्या व्याख्येतून वगळला गेला, त्यामुळे शेतकऱ्याच्या बांधावरचा बांबू घेणं आता सोपं झालं आहे.

जुनी माणसं बांबू नाल्याच्या पाण्यात तीन-चार आठवडे दगडाखाली दाबून ठेवत. त्यातला पिठूळपणा निघून जातो आणि भुंगा धरत नाही. आज मी बोरॅक्स आणि बोरिक ॲसिड तीनाला दोन या प्रमाणात घेतो. शंभर लिटर पाण्यात दोन्ही मिळून पाच-सहा किलो. पाणी कोमट केलं तर लवकर विरघळतं. अखंड बांबूच्या गाठींमधून लांब सळईनं आरपार भोक पाडून बांबू दहा दिवस बुडवायचा, मग सावलीत उभा करून सुकवायचा. उन्हात सुकवला तर तडकतो. हातमोजे घाला, लेकरांना आणि जनावरांना त्या टाक्यापासून दूर ठेवा. हे औषध पावसात हळूहळू धुतलं जातं, म्हणून ते छपराखालच्या बांबूलाच. पावसात उघड्यावर राहणाऱ्या बांबूला वर तेल किंवा वॉर्निश लागतंच, आणि तरीही तो चार-पाच वर्षांनी बदलायचा हे धरून चाला.

मे महिन्यातल्या सगळ्यात वाईट पंधरा दिवसांसाठी ताईनं दोन तट्ट्यांवर वाळा बांधून घेतला. आमची हवा कोरडी, म्हणून ओल्या वाळ्यातून येणारी पश्चिमेची झुळूक लगेच थंड होते, कूलरचं तत्त्व तेच. पाणी टंचाईचं असेल तर भांडी विसळलेलं, साबण नसलेलं पाणी चालतं. बादलीभर पाणी तासभर पुरतं.

कुंपण

कुंपणाआधी हद्द. शेजाऱ्याशी कितीही जिव्हाळा असला तरी भूमी अभिलेख कार्यालयातून हद्द कायम मोजणी करून घ्या आणि खुणा दोघांच्या समोर पक्क्या करा. मी दोन सख्ख्या भावांना नऊ इंचांवरून वर्षानुवर्षं अबोला धरलेलं पाहिलं आहे.

लोक सहा-सात फुटांची भरीव भिंत घालतात आणि मग अंगणात वारा नाही म्हणून तक्रार करतात. पश्चिमेला भरीव भिंत असेल तर ती दिवसभर तापते आणि रात्री दहापर्यंत अंगणाला भाजत राहते. मला आवडतं ते असं: खाली दीड फूट दगडाची किंवा विटेची बांधणी, त्यावर साडेतीन फूट बांबूच्या किंवा लाकडाच्या उभ्या पट्ट्या, दोन पट्ट्यांत पट्टीच्या निम्म्या रुंदीएवढी फट. वारा येतो, वादळात कुंपण आडवं होत नाही, आणि रस्त्यावरच्या माणसाला आतलं विशेष दिसत नाही. दोन खांबांमधलं अंतर सात फुटांपेक्षा जास्त ठेवू नका. फाटकाच्या खांबाला दुप्पट काँक्रीट द्या, रोजचं वजन तोच झेलतो.

पैसे कमी असतील तर मेंदीचं जिवंत कुंपण लावा. पावसाच्या सुरुवातीला फूटभर अंतरावर दोन आडव्या-तिडव्या रांगा, पहिले दोन उन्हाळे पाणी, मग ती कमी पाण्यावर तगते. छाटत राहिलात तर खालून दाट होते. शेराचं कुंपण जनावरं खात नाहीत, पण त्याचा चीक डोळ्याला अतिशय घातक, लेकरांच्या घरी लावू नका.

लाकडी डेक

नागपूरकडच्या फार्महाउसवाल्यांकडून हल्ली डेकची, म्हणजे घराबाहेरच्या लाकडी फळ्यांच्या ओट्याची, मागणी येते. उघड्या उन्हातला लाकडी डेक आमच्याकडे मार्च ते जून पायाला लावता येत नाही, आणि प्लॅस्टिक मिसळलेल्या फळ्या तर लाकडाहून जास्त भाजतात. काळा कडप्पाही तसाच. डेक करायचाच तर मांडवाखाली करा. फळ्यांमध्ये ६ मिलिमीटर फट ठेवा, खाली दीड फूट मोकळी जागा ठेवा म्हणजे वारा खेळेल आणि विंचू-साप दबा धरून बसले तर बॅटरीनं दिसतील. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे. साध्या खिळ्याचं डोकं सागातल्या ओलीनं काळं पडतं आणि डाग फळीभर पसरतो.

लाकडाला मी जवसाचं उकळलेलं तेल देतो. वॉर्निशचा थर आमच्या उन्हात दोन वर्षांत पापुद्र्यासारखा निघतो, तेल आत मुरतं. पातळ हात द्या, अर्ध्या तासानं उरलेलं पुसून घ्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा. तेलानं भिजलेल्या चिंध्या कधीही गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल सुकताना तापतं आणि चिंध्यांचा ढीग आपोआप पेटतो. त्या दोरीवर एकेक पसरून वाळवा किंवा पाण्याच्या डब्यात बुडवा. माझ्या पुतण्यानं पहिल्या वर्षी एक बोळा दुकानाच्या फळीखाली ठेवला होता. धूर वेळेत दिसला.

ताईकडचं सगळं काम आम्ही दोघांनी अकरा दिवसांत केलं, तराईचे दिवस सोडून. मृग लागायच्या आधी तट्टे काढायचे, एक दिवस सावलीत सुकवायचे आणि घरात आडव्या दांडीवर टांगायचे, भिंतीला टेकवून ठेवायचे नाहीत. पावसाळ्यानंतर दसऱ्याच्या सुमाराला प्रत्येक बोल्टवर पाना फिरवायचा आणि काँक्रीटच्या सहा इंचांवर उधईची नळी आहे का ते चारही बाजूंनी पाहायचं. मागच्या दसऱ्याला सहापैकी दोन बोल्ट-जागी नट पाव फेरा सैल झाले होते. ओळंबा धरला तेव्हा सहाही खांब सरळ होते.